अप्पा आठवायला गेलं की आजारच आठवतो

पत्र

काकू,

आमचं गाव गुहागर तालुक्यात. माझे वडील, अप्पा, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. घरची तीसेक आंब्याची कलमं. मी एकोणचाळीस वर्षांची, लग्नानंतर डोंबिवलीला असते. निवृत्तीनंतर दोन वर्षांत अप्पांना पार्किन्सन्स झाला, आपण कंपवात म्हणतो तो. अकरा वर्षं त्यात काढली आणि गेल्या फाल्गुनात, होळीला पाच दिवस असताना गेले.

अप्पा म्हटलं की मला शेवटची तीन वर्षंच दिसतात. पडवीतली खाट, घशात अडकलेला घास, ओठांतल्या ओठांत विरणारा आवाज. त्याआधीचे अप्पा डोळ्यांसमोर येतच नाहीत. आई सांगते, आढीचा आंबा तयार झाला की ते नुसत्या वासावर ओळखायचे. मी तिथेच वाढले, पण मला ते आठवत नाही. माझी आठ वर्षांची मुलगी त्यांना ‘रागावलेले आजोबा’ म्हणते, कारण तिने त्यांना हसताना पाहिलंच नाही. बारशाला तिला त्यांच्या मांडीवर दिली तेव्हाही ते दगडासारखे बघत बसले होते. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. शेवटच्या वर्षी त्यांना भास व्हायचे, आईला परकी बाई समजून ओरडायचे.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला, ‘सुटलो’. ‘सुटले’ नाही, ‘सुटलो’. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

आई खाट हलवू देत नाही. अजून पहाटे तीनला उठून बसते. भावाने भिंतीवर लावायला शेवटच्या काळातला फोटो मोठा करून आणला आहे, मला तो बघवत नाही. गावातले एक जण म्हणाले, खाजकुइलीच्या बिया वेळेवर दिल्या असत्या तर मास्तर उठून बसले असते. माळ्यावर अप्पांच्या हिशेबाच्या वह्यांची ट्रंक आहे, उघडायचा धीर होत नाही. आता वर्षश्राद्ध आहे आणि पाठोपाठ शिमगा. अप्पा साठीपर्यंत पालखी खांद्यावर घेऊन नाचायचे. मागच्या वर्षी सुतक होतं म्हणून पालखी आमच्या घराकडे आली नाही. यंदा घ्यायची की नाही, यावरून घरात धुसफूस चालू आहे.

अप्पांची आठवण नीट ठेवायची म्हणजे मी नक्की काय करू?

एक लेक, डोंबिवली


उत्तर

लेकी,

तू मला काकू म्हणालीस, म्हणून मीही तुला अगंतुगं करते.

आधी त्या ‘सुटलो’बद्दल. पत्रात तू तो मधेच घाईघाईने लिहून टाकला आहेस, पण मला वाटतं पत्र लिहायला तू बसलीस ती त्याच्याचसाठी.

कंपवाताच्या माणसाचं घर घड्याळावर चालतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कळायचं नाही. लेव्होडोपा हे या आजारावरचं औषध, त्याची गोळी काही तास चालते, तिचा अंमल उतरला की माणूस जागच्या जागी खांबासारखा ताठतो. ती जेवणासोबत देऊन चालत नाही, कारण डाळ, मासे, दूध पोटात असलं की नीट लागू पडत नाही. आजार वाढला की गिळणं अवघड होतं, मग साधं पाणी पाजतानाही जीव मुठीत. अंथरुणाला खिळला की दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे एक-दोन महिने नाही, अकरा वर्षं. तुझी आई एक कान खाटेकडे ठेवून झोपत होती आणि तू डोंबिवलीत एक कान फोनकडे ठेवून. रात्री अकरानंतर रिंग वाजली की पोटात गोळा येत असेल तुझ्या. त्या फोननंतर तो ताण उतरला आणि शरीराने आपल्या भाषेत ‘सुटलो’ म्हटलं. त्या शब्दात ‘अप्पा नकोसे झाले होते’ असं मला कुठे दिसत नाही, आणि मी तुझं पत्र तीनदा वाचलं आहे.

आणखी एक. अचानक माणूस जातो त्या घरात सगळं रडू एकदम येतं. तुमच्याकडे ते अकरा वर्षं थोडं थोडं झालं आहे. अप्पांना सही जमेना झाली त्या दिवशी, फोनवर त्यांचा आवाज कळेना झाला त्या दिवशी, आईला ओळखलं नाही त्या दिवशी. प्रत्येक वेळी तू एकेक अप्पा गमावलेस. म्हणून शेवटच्या दिवशी डोळे कोरडे राहिले असतील तर त्याचा दोष स्वतःला लावू नकोस. नवऱ्याला सांग हे. ऐकून घेईल तो.

आता तुझा मुख्य प्रश्न. माझे सासरे पक्षाघातानंतर चार वर्षं अंथरुणावर होते. ते गेल्यावर मलाही तुझ्यासारखंच झालं होतं. डोळे मिटले की चमचा, वाटी आणि त्यांच्या गळ्याशी बांधलेला पंचा. त्याआधी सोळा वर्षं मी त्याच घरात त्यांच्यासोबत जेवलेखाल्ले होते, पण ती जणू कोणी पुसून टाकली होती. दुसऱ्या वर्षी मी हर्णैहून एसटीने येत होते. शेजारी एक मासेवाली म्हातारी, पायाशी रिकामी पाटी. कुठली तू, कुणाची सून, असं विचारता विचारता तिला घर लागलं. म्हणाली, ‘तुझा सासरा माझी पाटी मोकळी करून द्यायचा गो.’ मला कळेना. मग तिने सांगितलं. दुपार टळली, पाटीत चार बांगडे उरले आणि गिऱ्हाईक नसलं की सासरे ते सगळे उचलायचे. घरात मासळी शिजलेली असली तरी. एकदा सासूबाईंनी तेच बांगडे त्यांच्यासमोर शेजारी देऊन टाकले होते, तर हे नुसते हसले म्हणे. आणि ते हसणं मला त्या एसटीत लख्ख दिसलं! खालचा ओठ जरा डावीकडे जायचा त्यांचा. मी विसरले नव्हते. माझ्याकडून ते निघत नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून मी हे मानत आले की माणसाची आठवण घरच्यांच्याच डोक्यात साठलेली असते असं नाही. आजारपणात घरचे इतके राबतात की त्यांच्या वाट्याला शेवटची वर्षंच जास्त येतात. बाकीचा माणूस गावभर वाटलेला असतो. तुझे अप्पा तर गुरुजी. निदान तीस वर्षांची पोरं त्यांच्या हाताखालून गेली असतील. कोणी आज शृंगारतळीला रिक्षा चालवत असेल, कोणी बोटीवर असेल, कोणी मुंबईत नोकरीला, कोणी त्याच शाळेत पोराला सोडायला येत असेल. त्या प्रत्येकाकडे तुझ्या अप्पांचा एक तुकडा आहे, आणि तो कंपवाताच्या आधीचा, ठणठणीत आहे. तो मागून आण. एकटीने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न सोडून दे. तू जितका जोर लावशील तितकी ती खाटच पुढे येईल.

आणि तुझा मुहूर्त बघ कसा आहे! शिमग्याला चाकरमानी गावात येतो. वर्षभर जी माणसं शोधून सापडली नसती, ती सगळी पालखीबरोबर तुमच्या अंगणात येतील. म्हणून पालखी घ्यावी असं मला वाटतं. वर्षश्राद्ध झालं की सुतकाचा, दुखवट्याचा प्रश्न तसा उरत नाही, तरी गावची रीत मानकऱ्यांना आणि गुरवांना विचारून घ्या, प्रत्येक गावाची वेगळी असते. शेवटचा शब्द मात्र आईचा. भावाचा नाही, तुझाही नाही. ती नको म्हणाली तर विषय तिथेच थांबवा, यंदा सहाणेवर, जिथे पालखी बसते तिथे, जाऊन ओटी भरा. हो म्हणाली तर पालखी अंगणात नाचून झाल्यावर लोक पाणी प्यायला, प्रसादाला टेकतील, तेव्हा तू तिथे बस. स्वयंपाकघरात अडकू नकोस, ते कुणाकडे तरी सोपव. जवळ वही ठेव. ‘अप्पांची एक गोष्ट सांगा’ असं मोघम विचारलंस तर सगळे ‘फार सज्जन माणूस हो’ म्हणतील आणि वही कोरी राहील. बारीक विचार. वर्गात मारायचे का? कशाने? पालखी नाचवताना कोणत्या बाजूला असायचे? सायकल कोणती होती? कुणाला पैसे उसने दिले आणि मागितले नाहीत? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे, खाली त्यांचं नाव घाल. काही जण असं सांगतील जे तुला आवडणार नाही. गुरुजींनी एकदा उगाच मारलं, असंही कोणी सांगेल. तेही लिही. देवमाणूस करून टाकलेल्या बापापेक्षा तो बाप जवळचा वाटतो.

आता बारशाच्या दिवसाबद्दल. हे मला तुला नीट सांगायचं आहे, कारण या एका गोष्टीत तुझ्या अप्पांवर नकळत अन्याय होतो आहे.

कंपवात म्हटलं की आपल्याला थरथरणारा हात दिसतो. १८१७ साली लंडनच्या डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला, त्याच्या नावातही थरथरच होती. पण आतून घडतं ते असं, की मेंदूच्या एका भागातल्या, डोपामीन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि आपोआप होणाऱ्या हालचाली आटत जातात. चालताना हात हलणं, पापण्यांची उघडझाप, आणि हसू. चेहऱ्याचे स्नायू ताठतात. डॉक्टर त्याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात. आत आनंद असतो, पण तो चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. हा आजार झालेल्या कितीतरी माणसांच्या बायका-मुलांना वर्षानुवर्षं वाटत राहतं की हा आपल्यावर रुसलाय, याचं आपल्यातून मन उडालंय. तुझी मुलगी जन्मली तेव्हा अप्पांच्या आजाराला तीन-चार वर्षं झाली होती. नात मांडीवर आल्यावर त्यांना काय वाटलं हे तुला त्या चेहऱ्यावर कधीच दिसणार नव्हतं. त्या दिवशीचे त्यांचे हात आठवून बघ. बाळाला कसे धरले होते? आईला विचार. रात्री ती आणि ते दोघंच असताना ते काय म्हणाले, ते तिला ठाऊक असेल.

मुलीला हे तिच्या भाषेत सांग. ‘आजोबा रागावले नव्हते. त्यांच्या चेहऱ्याला हसायला येत नव्हतं. मनातल्या मनात हसायचे.’ आठ वर्षांच्या पोरीला हे लगेच पटतं, आपल्यापेक्षा लवकर. मग तिला पालखीच्या वेळी तुझ्या शेजारी बसव आणि प्रश्न विचारू दे. म्हातारी माणसं लहान मुलांना जे सांगतात ते आपल्याला सांगत नाहीत.

आईवर ओरडायचे, तेही आजाराचंच. शेवटच्या टप्प्यात या आजारात भास होतात, कधी आजाराने, कधी औषधांनीसुद्धा. समोर परकी बाई उभी आहे असं ज्याला खरंच दिसतं, तो ओरडणारच. आईला हे कोणी समजावून सांगितलं होतं का, मला माहीत नाही. नसेल तर तू सांग.

खाजकुइलीचं त्या गृहस्थांनी अर्धवट ऐकलेलं आहे. आपल्याकडे रानात, बांधावर जो वेल माजतो, ज्याच्या शेंगांची लव लागली की माणूस खाजवून हैराण होतो, त्याच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं आहे. पण तेच लेव्होडोपा अप्पांच्या गोळीत होतं, मोजून मापून. त्याने हालचाल सुधारते. पेशी मरायच्या थांबत नाहीत, आणि त्या थांबवणारं औषध अजून कुणाकडे नाही. तुम्ही काही द्यायचं राहिलं नाही. ते पुन्हा तसं म्हणाले तर आईसमोर बोलू नका, एवढं त्यांना स्पष्ट सांग.

फोटोवरून भावाशी भांडू नकोस. बहुतेक त्याच्या मोबाइलमध्ये तेवढाच एक फोटो स्वच्छ निघाला असेल. शाळेतल्या जुन्या गटफोटोत अप्पा नक्की असतील. त्यावरून स्टुडिओवाला चांगला मोठा करून देतो. तो आईला दाखव, निवड तिला करू दे.

ट्रंक मात्र उघड. फक्त वरून उघडू नकोस. वर शेवटच्या वह्या असतील, आणि कंपवातात अक्षर बारीक होत जातं. ओळीच्या सुरुवातीला बरं असतं आणि शेवटाकडे मुंगीएवढं होतं. फळ्यावर मागच्या बाकापर्यंत दिसेल असं लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर आक्रसत गेलेलं तुला एकटीने पाहवणार नाही. तळातली वही काढ, तुझ्या जन्माच्या आसपासची. हिशेबाच्या वहीत माणूस फार खरा सापडतो. कुणाच्या फीचे किती, आईच्या पातळाला किती, पेट्यांचे किती आले, मजुरी किती गेली. तुझं नाव कुठे पहिल्यांदा येतं ते शोध. मग हळूहळू वर ये. अक्षर बारीक व्हायला लागेल तिथे पोचशील तेव्हा कदाचित तुला दिसेल की आजाराचं नाव कळण्याच्या आधीपासून ते चालू होतं आणि तरी ते रोज लिहीत होते. ती वर्षंही त्यांचीच आहेत. अकरातली सगळी काही खाटेवर गेली नाहीत. हात कापत असताना ते कलमांत जात असतील, कुणाला तरी शिकवत असतील. ती मधली वर्षं पुसून टाकून फक्त ठणठणीत अप्पा ठेवायचे, असंही करू नकोस.

वासाचं तुला का आठवत नाही, त्याचंही एक कारण मला सुचतं. या आजारात अनेकांचा वास आधी जातो, हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी. तू कॉलेजात असतानाच अप्पांचं नाक गेलं असेल आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नसेल. आंबेवाल्या माणसाचं नाक जाणं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. चौदा आणे झालेला आंबा देठासकट उतरवायचा, भाताच्या पेंढ्यात थर लावून आढी घालायची, आणि मग दार उघडल्याबरोबर कोणत्या कोपऱ्यातला आधी काढायचा ते वासावर सांगायचं. तुझ्या लहानपणी ते सांगत असतील. नंतर बोटांनी दाबून, रंग बघून सांगू लागले असतील, आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नसेल. आईला विचार, कधीपासून ते आंबा हातात घेऊन बघायला लागले.

या वर्षी मे महिन्यात मुलीला घेऊन जा. आढीच्या खोलीचं दार बंद ठेव, सकाळी तिला एकटीला पुढे कर आणि डोळे मिटून सांगायला लाव. चुकेल बिचारी. तू तिच्या मागे उभी राहा. तो वास नाकात गेल्यावर तुला काय आठवतं ते मला कळव, मला खरंच वाट बघायला आवडेल.

खाटेचं आणि आईचं आता. तुम्ही दोघं भावंडं त्या खाटेकडे अडगळ म्हणून बघताय. तिचं तसं नाही. तिचा नवरा गेला आणि अकरा वर्षांचं कामही त्याच दिवशी गेलं. सकाळी सहाची गोळी, अकराची, तीनला कूस. त्या कामाभोवती तिचं सगळं शरीर बांधलेलं आहे, म्हणून ती तीनला जागी होते. खाट न्या असं ती म्हणेपर्यंत खाट राहू दे. वॉकर, हवेची गादी असं काही पडून असेल तर गावच्या आशाताईला विचारा, कुठल्या घरात गरज आहे ते तिला बरोबर माहीत असतं. पण ते द्यायला आईने स्वतः जावं. त्या घरातल्या बाईला गोळीची वेळ कशी सांभाळायची, घास कसा भरवायचा, हे डॉक्टरपेक्षा ती नीट सांगेल. पुढे ती दर आठवड्याला तिकडे जायला लागली तर अडवू नका.

एक लक्ष ठेव. वर्ष उलटलं तरी ती जेवत नसेल, कुणाशी बोलत नसेल, ‘मला आता कशाला ठेवलंय’ असं वरचेवर म्हणत असेल, तर ते नुसतं दुःख समजून सोडून देऊ नका. तुलाही तसं वाटत असेल तर तुलाही हेच लागू. १४४१६ हा टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरांनाही सांगता येईल.

वर्षश्राद्धाला दोन दिवस आधी जा, मुलीला घेऊन. रात्री आईच्या खोलीत झोप. ती तीनला उठेल तेव्हा तूही ऊठ, चूल किंवा गॅस पेटव, दोन कप चहा ठेव आणि खाटेच्या कडेला तिच्याजवळ बस. पहिल्या रात्री काही विचारू नकोस.

तुझी,
काकू